परदेशातून वस्तू मागवताना आणि पैसे येताना: छुपी कात्री कुठे लागते, दाद कुठे मागायची

गोव्यात कोणाचा मुलगा शिपवर असतो, कोणाची मुलगी मस्कतला नर्स असते, कोणाचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनला जाऊन स्थायिक झालेला असतो. पेडणे, डिचोली, साखळीतल्या साध्या घरांतही बाहेरून पैसे येतात आणि मोबाइलवरून परदेशी साइटवरची वस्तूही मागवली जाते. या व्यवहारांत आपल्याकडून जे घेतले जाते, त्याचा मोठा भाग 'शुल्क' या नावाने पावतीवर दिसतच नाही. तो विनिमय दरात मुरवलेला असतो. ज्यांचा असा व्यवहार पहिल्यांदाच होणार आहे, त्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत, त्यांनी थेट सहाव्या पायरीवर जावे, कारण तिथे दिवस मोजले जातात.

पायरी 1: कार्डाचे परदेशी बटण

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 2020 च्या ऑक्टोबरपासून नवे कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालते. ऑनलाइन वापर आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये 'इंटरनॅशनल युसेज' किंवा तत्सम नावाचे बटण असते, शेजारी मर्यादा ठरवण्याची सोयही असते. खरेदीच्या दिवशी बटण सुरू करा, मर्यादा त्या खरेदीपुरती ठेवा आणि काम झाले की बंद करा.

याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. देशातल्या खरेदीला आपल्याला ओटीपीची सवय झाली आहे. परदेशी साइटवर मात्र अनेकदा नुसता कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की पैसे जातात, ओटीपी येतच नाही. बटण सुरू राहिले आणि कार्डाचा तपशील कुठे फुटला, तर चोराला आणखी काहीच लागत नाही.

पायरी 2: रुपयांत भरू की डॉलरमध्ये?

आता खरेदीकडे. 100 डॉलरची एक वस्तू आहे, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून डॉलर 90 रुपयांना धरू. म्हणजे 9,000 रुपये. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या व्यवहाराला साधारण 3.5 टक्के 'फॉरेक्स मार्कअप' लागतो, म्हणजे 315 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 56 रुपये 70 पैसे. स्टेटमेंटवर एकूण 9,371 रुपये 70 पैसे पडतात. काही कार्डांवर मार्कअप कमी असतो, काहींवर नसतोच. आपल्या कार्डाचा आकडा बँकेच्या 'शुल्क आणि आकार' या तक्त्यात छापलेला असतो. कस्टमर केअरला फोन करून विचारलात तर ईमेलवर लेखी मागा.

आता खरी मेख. पैसे भरायच्या पानावर साइट आपुलकीने विचारते, 'तुमच्या चलनात, रुपयांत भरायचे का?' रुपये ओळखीचे, म्हणून हात तिकडेच जातो. पण तिथे दर तुमची बँक ठरवत नाही, विक्रेता किंवा त्याची पेमेंट कंपनी ठरवते आणि स्वतःचा नफा त्यातच घालते. तो 5 टक्के असेल तर 9,000 चे 9,450 होतात. इथेच संपले असते तरी एकवेळ चालले असते. पण व्यवहार रुपयांत असला तरी विक्रेता परदेशात नोंदलेला असतो, म्हणून काही भारतीय बँका त्यावरही साधारण 1 टक्का आणि जीएसटी लावतात. म्हणजे आणखी 111 रुपये 51 पैसे. वस्तू तीच, आणि 9,561 रुपये 51 पैसे गेले.

म्हणून परदेशी साइटवर, परदेशातल्या दुकानात, विमानतळावर किंवा तिथल्या एटीएमवर असा प्रश्न आला की त्या देशाचे चलन निवडा. मशीनने आपोआप रुपये दाखवले तर दुकानदाराला व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. पावतीवर सही करण्याआधी असे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अजून एक कात्री परताव्यात लागते. वस्तू परत केली, विक्रेत्याने 100 डॉलर पूर्ण परत दिले, तरी खात्यात 9,371 रुपये येत नाहीत. परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि आधी कापलेला मार्कअप बहुतेक बँका परत देत नाहीत. कपड्यांचे तीन माप मागवून दोन परत पाठवायची सवय परदेशी साइटवर महागात पडते ती यामुळे.

पायरी 3: 'ऑर्डर करा' दाबण्यापूर्वी

आपल्या देशाचे ई-कॉमर्स नियम 2020 सालचे आहेत आणि ते फक्त भारतीय कंपन्यांपुरते नाहीत. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा विकणारी कंपनी परदेशात नोंदलेली असली तरी ती या नियमांत येते. एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, म्हणजे कर, पोहोचवण्याचा खर्च वगैरे, दाखवणे बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क साइटवर हवा. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीतून घेतलेली संमती ही संमती धरली जात नाही.

त्यानंतर 2023 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या साइटवरच्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे 13 प्रकार नावानिशी बंद केले. तुमच्या नजरेला वारंवार पडणारे तीन: शेवटच्या पानावर हळूच वाढणारी किंमत, न विचारता टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगी, आणि घ्यायला एक क्लिक पण बंद करायला दहा पाने फिरवणारे सबस्क्रिप्शन. सबस्क्रिप्शनचे पैसे कार्डातून दर महिन्याला कापायचे असतील तर बँकेने किमान 24 तास आधी कळवले पाहिजे आणि ते थांबवायची सोय दिली पाहिजे. परदेशी कंपनीचे सबस्क्रिप्शन असले तरी हेच लागू.

प्रत्यक्षात काय पाहायचे? विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आहे का, वस्तू परत पाठवायचा खर्च कोणाचा, आणि वॉरंटी भारतात चालते का. परत पाठवायचा खर्च ग्राहकाचा असेल आणि वस्तू चार-पाच हजारांची असेल, तर परतीचा हक्क कागदावरच राहतो. या पानांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पुढे साइटवरचा मजकूर बदलला तरी तुमच्याकडे पुरावा राहील.

पैसे कार्डानेच द्या. विक्रेता थेट बँक खात्यात पाठवा म्हणाला तर खरेदी सोडून द्या. का, ते सहाव्या पायरीत येते.

पायरी 4: पार्सल आले, आता ड्युटी

इथे लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो. 'पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय येते' ही समजूत अजूनही ऐकू येते. ती सवलत 2019 च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूला आता ड्युटी भरावी लागते. अपवाद राखीचा आणि जीवरक्षक औषधांचा. राखीसोबत पाठवलेली दुसरी भेट त्या अपवादात येत नाही. दुबईहून भाऊ परफ्यूम पाठवतो आणि पाकिटावर 'गिफ्ट' लिहितो, त्याने काही साधत नाही. किंमत मुद्दाम कमी लिहिली तर पार्सल अडकते आणि दंडही बसू शकतो.

ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, आणायचा खर्च आणि विमा यांची बेरीज हा पाया. त्यावर सीमाशुल्क, सीमाशुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. करावर कर बसतो, त्यामुळे शेवटचा आकडा अंदाजापेक्षा मोठा निघतो. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून मागवण्यापूर्वी त्या वर्षीचा दर पाहून घ्या.

या सरकारी रकमेखेरीज कुरिअर कंपनी स्वतःची रक्कम लावते. तुमच्या वतीने ड्युटी आधी भरल्याबद्दलचा आकार, कागदपत्रे हाताळल्याचा आकार, आणि त्यावर जीएसटी. वस्तू 2,000 ची आणि हे आकारच हजाराच्या घरात, असे घडते. कुरिअरकडे दोन गोष्टी मागा: सीमाशुल्काच्या नोंदीची प्रत आणि त्यांच्या आकाराचे वेगळे बिल. सरकारला किती गेले आणि कंपनीला किती, हे त्याशिवाय कळत नाही. साइटने 'सर्व करांसह' किंमत घेतली असेल तर दारात आलेल्या माणसाला पैसे देण्याआधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा.

आणि फोनवरून 'मी कस्टम्समधून बोलतोय, तुमचे पार्सल अडकले आहे, या नंबरवर पैसे पाठवा' असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी खात्यात पैसे घेत नाही. त्यांच्या पत्रांवर ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि मग रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात तक्रार द्या. उद्या करू म्हणून ठेवू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ते गोठवता येतात.

परदेशातल्या नातेवाइकाने तिथे ऑनलाइन वस्तू घेऊन आणली किंवा पाठवली असेल, तर ग्राहक तो आहे आणि हक्क त्याचे आहेत. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात बहुतेक ऑनलाइन खरेदी मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. पोर्तुगालमध्ये 2022 पासून नव्या वस्तूंना तीन वर्षांची कायदेशीर हमी आहे, आणि दुकानात तक्रारवही मागायचा हक्क आहे, ती ऑनलाइनही भरता येते. ब्रिटनमध्ये 100 ते 30,000 पौंडांच्या दरम्यानची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असेल तर विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार असते. त्यामुळे बिल त्याच्याकडेच राहू द्या आणि वस्तू बिघडली की त्याला लगेच कळवा.

पायरी 5: बाहेरून येणारे पैसे

माझ्या मते गोव्यातल्या घरांचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते. खरेदी कधीमधी होते, पैसे दर महिन्याला येतात.

मुलाने बँकेतून 1,000 डॉलर पाठवले. त्याच्या पडद्यावर 'शुल्क 5 डॉलर' दिसले. त्या दिवशी बाजारभाव 90 रुपये, म्हणजे आईला 90,000 मिळतील असे त्याला वाटले. वाटेत मधल्या बँकेने 15 डॉलर कापले, 985 उरले. इथल्या बँकेने डॉलर 88 रुपये 80 पैशांनी घेतला, म्हणजे 87,468 रुपये. चलन बदलण्यावर जीएसटी 157 रुपये 44 पैसे. हाती पडले 87,310 रुपये 56 पैसे. जवळजवळ 2,700 रुपये गेले, आणि पाठवणाऱ्याने पाहिलेले 5 डॉलर तर त्याच्या खात्यातून वेगळेच गेले होते. चवथीच्या खर्चाला पाठवलेल्या पैशांत एवढी घट कोणालाही परवडणारी नाही.

यातला जीएसटी टळत नाही. एक लाखापर्यंतच्या रकमेला तो 0.18 टक्के, किमान 45 रुपये असतो, पुढे टप्प्याटप्प्याने कमी होतो. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

पहिली, मधल्या बँकेची कपात. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश जाळ्यातून, पैसे पाठवताना फॉर्मवर तीन पर्याय असतात: सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, दोघांत वाटून, किंवा सगळा घेणाऱ्याचा. इंग्रजीत ते 'अवर', 'शा' आणि 'बेन' या खुणांनी लिहिलेले असतात. काही न निवडता पाठवले तर बहुधा 'शा' लागतो. रक्कम मोठी असेल तर 'अवर' निवडून पाहा आणि दोन्हींत हातात किती पडले ते मांडा. छोटे छोटे हप्ते पाठवण्यापेक्षा दोन महिन्यांचे एकदम पाठवले तर ही कपात एकदाच बसते.

दुसरी, दर. तुलनेसाठी एक सरकारमान्य फूटपट्टी उपलब्ध आहे. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी डॉलर, पौंड, युरो आणि येनचा संदर्भ दर जाहीर करते. शेजारी तुमच्या बँकेचा त्या दिवसाचा 'टीटी बाइंग' दर, म्हणजे बाहेरून आलेला डॉलर बँक ज्या दराने घेते तो, ठेवा. फरक प्रत्येक डॉलरमागे किती पैसे, हे दिसेल. नियमित रक्कम येत असेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटून चांगला दर मागा. म्हापशातल्या भाजीवाल्याशी दरावरून बोलणारे आपण बँकेत गप्प राहतो. तिथेही दर बोलून ठरतो, मोठ्या खातेदारांना तो मिळतोच.

पाठवणाऱ्याने कोणतीही सेवा वापरली तरी तिला एकच प्रश्न विचारायचा: 'गोव्यातल्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?' 'शून्य शुल्क' म्हणणाऱ्या कंपनीचा दर बहुधा खाली असतो. दोन-तीन कंपन्यांचे अंतिम रुपये शेजारी लिहिले की शुल्क, दर वगैरे सगळ्याचा हिशेब आपोआप त्यात येतो.

काउंटरवरून रोख घेण्याच्या सेवेला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: एका वेळी 2,500 डॉलर, एका व्यक्तीला वर्षात 30 वेळा, आणि रोख 50,000 रुपयांपर्यंतच. त्यापुढचे खात्यात किंवा चेकने. काउंटरवरचा दर बँकेपेक्षा वेगळा असतो, विचारूनच कागदावर सही करा.

पैसे आल्यावर बँकेकडून 'इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस' मागून घ्या. त्यात किती डॉलर आले, कोणत्या दराने बदलले आणि काय कापले हे लिहिलेले असते. पाठवणाऱ्याकडून स्विफ्टची प्रत मागवा. हे दोन कागद जुळवले की कात्री नेमकी कोणी लावली ते कळते.

शिपवरच्या लोकांसाठी वेगळे सांगायला हवे. पुष्कळ कंपन्या पगार डॉलरच्या प्रीपेड कार्डावर देतात. एटीएममधून काढायला, शिल्लक पाहायला, बँकेत वळवायला, आणि काही महिने वापर नसेल तर नुसते पडून राहिल्याबद्दलही शुल्क असू शकते. करार संपवून घरी आल्यावर कार्ड कपाटात राहते आणि शिल्लक झिजत जाते. जॉइन होण्यापूर्वी शुल्कांचा तक्ता मागा, एनआरई खाते (अनिवासी भारतीयाचे परदेशी कमाईसाठीचे रुपयांतले खाते) उघडलेले ठेवा आणि पगार थेट तिथे घ्यायची सोय आहे का ते विचारा. अनिवासी झाल्यावर जुने साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे भारतातल्या पैशांसाठीचे खाते, करावे लागते.

उलट दिशेने, म्हणजे शिक्षणासाठी किंवा इतर कामासाठी इथून बाहेर पैसे पाठवताना, आर्थिक वर्षात एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. 10 लाख रुपयांपुढे टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर 2025 च्या एप्रिलपासून टीसीएस लागत नाही.

पायरी 6: बिनसले तर

क्रम पाळा, कारण प्रत्येक दाराची मुदत वेगळी आहे.

कार्डावरून तुम्ही न केलेला व्यवहार झाला असेल तर आधी ॲपमधून कार्ड बंद करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर तुमची जबाबदारी शून्य. सातव्या दिवसापर्यंत ती मर्यादित राहते, नंतर बँकेच्या धोरणावर. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर आहे. फोनवर बोलून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या आणि ईमेल करा.

वस्तू आलीच नाही, तुटकी आली किंवा भलतीच आली, तर विक्रेत्याला लिहा. उत्तर येत नसेल तर बँकेकडे 'चार्जबॅक', म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत वळवणे, मागा. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याला साधारण 120 दिवस असतात, पण वाट पाहत बसू नका. परदेशी विक्रेत्याविरुद्ध हे आपले सर्वांत दमदार हत्यार आहे, कारण पैसे त्याच्या बँकेकडून मागे ओढले जातात. ज्याचे भारतात कार्यालयच नाही त्याच्याविरुद्ध इथे आदेश मिळवता येईल, पण वसुली कठीण. थेट खात्यात पाठवलेल्या पैशांना हा मार्ग नाही, म्हणून वर कार्डाचा आग्रह धरला.

बँकेने न सांगता शुल्क कापले, चुकीचा दर लावला किंवा चार्जबॅक कारण न देता फेटाळला, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन तक्रारीसाठी त्यांचे सीएमएस पोर्टल आहे, माहितीसाठी 14448 हा फोन आहे, फी नाही, वकील नको. कागदावर तक्रार पाठवायची असेल तर ती पणजीला नाही, चंडीगडच्या सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात जाते. एकाच बाबतीत न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून दार विचार करून निवडा.

विक्रेता किंवा साइटविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मराठीत बोलता येते. परदेशी विक्रेत्यासाठी 'ईकन्झ्युमर डॉट गव्ह' या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावरही नोंद करा. तिथे पैशांचा निकाल लागत नाही, पण अनेक देशांच्या ग्राहक यंत्रणांना ती तक्रार दिसते.

शेवटचे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. 2019 च्या कायद्याने मोठा बदल केला: विक्रेता कुठेही असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वाळपईच्या माणसाने मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही, उत्तर गोव्याचा आयोग पुरतो. काणकोणच्या माणसाला मडगाव. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला फी नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोग घेतो. मुदत दोन वर्षांची. ई-जागृति पोर्टलवर घरून दाखल करता येते आणि अर्ज केल्यास व्हिडिओवर सुनावणी मिळू शकते.

तक्रारीत तारखा क्रमाने लिहा, प्रत्येक तारखेसमोर कागदाचा क्रमांक टाका: ऑर्डर, स्टेटमेंट, स्क्रीनशॉट, ईमेल, तक्रार क्रमांक. आणि मागणी आकड्यांत लिहा. 'मला न्याय मिळावा' एवढ्याने आयोगाला काही देता येत नाही. वस्तूची रक्कम, त्यावर कोणत्या तारखेपासून किती टक्के व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च असे चार वेगळे आकडे वेगळ्या ओळींवर मांडा.